अल्प-कार्बोहायड्रेट, बहुवसा आहार

अल्प-कार्बोहायड्रेट, बहुवसा आहार : ज्या आहारात पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांचे (कार्बोहायड्रेटांचे) प्रमाण बरेच कमी करून दैनंदिन ऊर्जेचा मोठा भाग वसेपासून (स्निग्ध पदार्थांपासून) मिळविला जातो, त्यास हे नाव दिले जाते. प्रथिनांचे प्रमाण यात सर्वसाधारणपणे मध्यम असते. वजन कमी करणे, मधुमेहात रक्तातील ग्लुकोज आटोक्यात ठेवणे व काही प्रकारच्या अपस्मारावर उपचार करणे, या तीन हेतूंनी हा आहार वापरला जातो. कार्बोहायड्रेटांच्या प्रमाणानुसार त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार करतात : एकूण ऊर्जेच्या २६ ते ४५ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटांपासून मिळत असल्यास मध्यम, २६ टक्क्यांहून कमी (दिवसाला सु. १३० ग्रॅ. पेक्षा कमी) असल्यास अल्प आणि दिवसाला २० ते ५० ग्रॅ. असल्यास अत्यल्प किंवा कीटोनोत्पादक आहार.

इतिहास : विल्यम बँटिंग या लंडनमधील गृहस्थांनी डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे, बिअर इ. पदार्थ वर्ज्य करून आपले वजन कमी केले व १८६३ साली तो अनुभव एका पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. ही पुस्तिका इतकी लोकप्रिय झाली की, आहार नियंत्रित करून वजन उतरविण्याच्या क्रियेस इंग्रजीत काही काळ त्यांच्या आडनावानेच ओळखले जाई. इन्शुलिनाचा शोध १९२१ साली लागण्यापूर्वी मधुमेहावर कार्बोहायड्रेटांचा कडक निर्बंध हाच प्रमुख उपाय होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी कीटोनोत्पादक आहार सुचविला. औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारात तो आजही तज्ञांच्या देखरेखीखाली वापरला जातो. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या १९७२ सालच्या पुस्तकामुळे वजन कमी करण्याचा उपाय म्हणून हा आहार पुन्हा सर्वतोमुखी झाला.

शरीरक्रियात्मक आधार : १ ग्रॅ. कार्बोहायड्रेट वा प्रथिन यांपासून सु. ४ किलोकॅलरी, तर १ ग्रॅ. वसेपासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. सामान्य आहारात कार्बोहायड्रेटांचे रूपांतर ग्लुकोजात होते. रक्तातील ग्लुकोज वाढले की अग्निपिंडातून इन्शुलीन हे हॉर्मोन स्रवते. त्याच्या प्रभावाने ग्लुकोज पेशींत शिरते, उरलेले ग्लुकोज ग्लायकोजेनाच्या रूपाने यकृत व स्नायू यांत साठविले जाते आणि साठविलेल्या वसेचे विघटन मंदावते. कार्बोहायड्रेटे अत्यल्प झाल्यास इन्शुलिनाची पातळी उतरते, वसापेशींतून वसाम्ले मुक्त होतात व यकृतात त्यांपासून कीटोन पदार्थ तयार होतात. मेंदूस एरवी दिवसाला सु. १२० ग्रॅ. ग्लुकोज लागते. त्याची बरीचशी गरज या अवस्थेत कीटोन पदार्थ भागवितात. मर्यादित प्रमाणातील ही अवस्था म्हणजे कीटोनमयता होय. इन्शुलिनाच्या तीव्र अभावी कीटोन पदार्थ बेसुमार वाढून रक्त अम्लधर्मी होते, ती कीटोन-अम्लता मात्र प्राणघातक ठरू शकते. या दोन अवस्थांत गल्लत करू नये.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सु. ५०० ग्रॅ. ग्लायकोजेन असते व दर ग्रॅ. ग्लायकोजेनाबरोबर सु. ३ ग्रॅ. पाणी साठविलेले असते. हा आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन एकदम दीड-दोन किग्रॅ. ने उतरते, ते मुख्यतः हा साठा व पाणी कमी झाल्यामुळे. पूर्ववत भोजन सुरू होताच तेवढे वजन परत येते. या पहिल्या घटीस चरबी झडली असे समजणे चुकीचे आहे.

वजन व मधुमेह यांवरील परिणाम : प्रथिने व वसा यांमुळे भूक लवकर शमते आणि अनेक सवयीचे पदार्थ वर्ज्य झाल्याने एकूण ऊर्जासेवन आपोआप घटते. वजन उतरण्याचे प्रमुख कारण हेच होय. अमेरिकेत ६३ स्थूल व्यक्तींवर केलेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा महिन्यांनंतर अल्प-कार्बोहायड्रेट गटाचे वजन अधिक उतरले होते. एक वर्षानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ व्यक्तींवर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षअखेरीस अल्पवसा गटाचे वजन सरासरीने ५.३ किग्रॅ. व अल्प-कार्बोहायड्रेट गटाचे ६ किग्रॅ. कमी झाले. हा फरकही सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात या आहाराचा अल्पकालीन लाभ अधिक स्पष्ट आहे. २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनंतर अल्प-कार्बोहायड्रेट गटातील ५७ टक्के, तर इतर आहार घेणाऱ्यांतील ३१ टक्के रुग्णांचे ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिन (‘तीन महिन्यांची साखर’) मधुमेहाच्या मर्यादेखाली आल्याचे दिसले. एक वर्षानंतर हा लाभ ओसरला होता. याउलट, ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांना काही महिने दिवसाला केवळ ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचा द्रवरूप आहार देण्यात आला. त्यातील सु. ५९ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटांचीच होती. तरीही वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांवाचून आटोक्यात आला. यावरून, यकृत व अग्निपिंड यांतील वसा कमी होण्याइतके वजन उतरणे महत्त्वाचे असून कार्बोहायड्रेटांवरील निर्बंध हा तेथवर पोहोचण्याचा अनेकांपैकी एक मार्ग आहे, असे दिसते.

भारतीय शरीरप्रकृती : पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक (किग्रॅ. मधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के वसा आढळली. दिसण्यात कृश परंतु वसेने पुष्ट अशा या भारतीय प्रकृतीमुळे भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २३ व स्थूलतेची २५ धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. यांहून अधिक असणे धोक्याचे मानतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सु. १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून सु. १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या आहारविषयक भागात (२०२५) भारतीयांच्या दैनंदिन ऊर्जेपैकी सु. ६२ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटांपासून येते, असे आढळले. तांदूळ वा मैदा यांऐवजी नुसती भरड धान्ये वा गहू घेऊन, परंतु एकूण कार्बोहायड्रेटे तेवढीच ठेवून, मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कार्बोहायड्रेटांपैकी ५ टक्के ऊर्जेची जागा डाळी-कडधान्ये वा दूधदुभते यांतील प्रथिनांनी घेतल्यास मात्र धोका कमी असल्याचे दिसले.

महाराष्ट्रात आहारनियमनाचा विचार घरोघरी पोहोचला तो निराळ्या मार्गाने. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी प्रत्येक खाण्यागणिक इन्शुलीन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी कराव्यात, असे व्याख्यानांतून मांडले. त्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. ही पद्धती जेवणांच्या संख्येवर निर्बंध घालते, कार्बोहायड्रेटे व वसा यांच्या प्रमाणावर नव्हे. त्यामुळे प्रस्तुत आहाराशी तिची गल्लत करणे योग्य नाही.

वऱ्हाडातील भोजन व हा आहार : वरील आकड्यांचा व्यवहारातील अर्थ प्रत्यक्ष ताटावरून स्पष्ट होतो. अकोला–वाशिम मार्गावरील मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम) व आसपासच्या परिसरात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, बेसन, पालेभाज्या, शेंगदाण्याची वा जवसाची चटणी हे परंपरागत भोजन आहे. त्याच्या जोडीला गव्हाची पोळी, भात व साखरेचा चहाही रूढ झाले आहेत. १०० ग्रॅ. ज्वारीच्या पिठात सु. ७० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे, १० ग्रॅ. प्रथिने व २ ग्रॅ. वसा असते. सु. ७० ग्रॅ. पिठाच्या एका भाकरीतून म्हणजे सु. ५० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे मिळतात. कीटोनोत्पादक आहाराची दिवसभराची कमाल मर्यादा अशा रीतीने एका भाकरीतच संपते. वरणही या हिशेबाबाहेर नाही, कारण १०० ग्रॅ. तूरडाळीत प्रथिने सु. २२ ग्रॅ. असली, तरी कार्बोहायड्रेटे सु. ५७ ग्रॅ. असतात. भाकरी, पोळी, भात व बहुतेक वरण सोडून लोणी, चीज, बदाम, अंडी व मांस यांवर राहणे शेतकरी वा मजूर कुटुंबास खर्चाच्या दृष्टीने झेपणारे नाही. शाकाहारी कुटुंबांत ते अधिकच अवघड ठरते. सर्वांचा स्वयंपाक एकत्र होत असल्याने घरातील एकाच व्यक्तीने असा आहार वर्षानुवर्षे पाळणेही कठीण असते.

मध्यम स्वरूपाचा बदल मात्र याच ताटात करता येतो. दिवसाला चार भाकरी व ६० ग्रॅ. डाळीचे वरण घेणाऱ्या बैठ्या कामाच्या व्यक्तीने दोन भाकरी कमी केल्यास सु. १०० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे व सु. ४७० किलोकॅलरी कमी होतात. त्यांतील काही भाग मोड आलेली मटकी वा हरभरा, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, चालत असल्यास अंडी आणि भरपूर पालेभाज्या यांनी भरून काढल्यास कार्बोहायड्रेटांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या सु. निम्म्यावर येते व प्रथिने वाढतात. वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे पीक मोठे आहे. त्याच्या दाण्यात सु. ४० टक्के प्रथिने व २० टक्क्यांच्या आसपास वसा असते. सोयाबीन कच्चे न खाता चांगले शिजवून वा भाजून खावे लागते, कारण त्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात व ते उष्णतेने निष्प्रभ होतात. जवसात शरीरास आवश्यक असे आल्फा-लिनोलेनिक अम्ल विपुल असते. शेतात कष्टाचे काम करणाऱ्या व वजन प्रमाणात असलेल्या व्यक्तीने मात्र भाकरी कमी करण्याचे कारण नाही. तिची ऊर्जेची गरजच मोठी असते.

वसेची निवड : वसेचे प्रमाण वाढविताना तिचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. तूप, लोणी व खोबरेल यांत संतृप्त वसाम्ले अधिक असतात. त्यांच्या अतिसेवनाने रक्तातील कमी घनतेचे कोलेस्टेरॉल वाढते व हृदयविकाराचा धोका संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संतृप्त वसेपासूनची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. अल्प-कार्बोहायड्रेट आहाराने रक्तातील ट्रायग्लिसराइडे बहुधा कमी होतात. काही व्यक्तींत मात्र वरील कोलेस्टेरॉल बरेच वाढते. त्यामुळे आहार सुरू करण्यापूर्वी व नंतर काही महिन्यांनी रक्ततपासणी करणे आवश्यक असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात कार्बोहायड्रेटांपासून ५० ते ५५ टक्के ऊर्जा घेणाऱ्यांत मृत्युप्रमाण सर्वांत कमी आढळले. कार्बोहायड्रेटांची जागा मांस व प्राणिज वसा यांनी घेतल्यास ते वाढलेले, तर वनस्पतिज प्रथिने व वसा यांनी घेतल्यास कमी झालेले दिसले.

धोके व दक्षता : आरंभी डोकेदुखी, थकवा, चक्कर, पायांत गोळे येणे, मलावरोध इ. तक्रारी उद्‌भवतात. त्यांचे कारण मुख्यतः लघवीवाटे मीठ व पाणी अधिक जाणे आणि आहारातील तंतू कमी होणे हे असते. कीटोनोत्पादक आहार दीर्घकाळ घेतल्यास मूतखडे होण्याचा संभव असतो.

सर्वांत गंभीर धोका औषधांच्या संदर्भात आहे. इन्शुलीन वा सल्फोनिल्युरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने मात्रा तीच ठेवून भाकरी व भात एकाएकी बंद केल्यास रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरते. थरथर, घाम, संभ्रम, बेशुद्धी ही त्याची लक्षणे असून वेळीच साखर न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. लघवीवाटे ग्लुकोज बाहेर टाकणाऱ्या ग्लायफ्लोझिन गटातील औषधांबरोबर हा आहार घेतल्यास रक्तातील ग्लुकोज फारसे वाढलेले नसतानाही कीटोन-अम्लता उद्‌भवू शकते. अशा वेळी साखर ठीक दिसते म्हणून मळमळ, उलट्या व धाप यांकडे दुर्लक्ष होते आणि उपचारास उशीर होतो. रक्तदाबाच्या औषधांची मात्राही अनेकदा कमी करावी लागते. म्हणून औषधे चालू असणाऱ्याने आहारातील बदल वैद्यास आधी सांगून करावा, आणि ऐकीव माहितीवरून औषधे परस्पर बंदही करू नयेत. पहिल्या प्रकारचा मधुमेह, गर्भावस्था व स्तन्यपान, मूत्रपिंड वा यकृत यांचे गंभीर विकार, वसेच्या चयापचयातील जन्मजात दोष आणि वाढीचे वय यांत हा आहार स्वतःच्या मनाने घेऊ नये.

सारांश, हा आहार काही काळापुरता व वैद्यकीय देखरेखीखाली उपयुक्त असला, तरी वजन उतरविण्याचा तो एकमेव वा इतरांहून निश्चितपणे श्रेष्ठ मार्ग नाही. भारतीय ताटात कार्बोहायड्रेटांचे आधिक्य आहे, ही त्यामागील जाणीव मात्र रास्त आहे. ते आधिक्य कमी करून त्या जागी डाळी, कडधान्ये, दूधदुभते व तेलबिया आणणे, शारीरिक श्रम चालू ठेवणे आणि हा बदल कायम टिकविणे, हाच बहुसंख्यांच्या दृष्टीने हितावह मार्ग होय.