पिल्लू घाण खातं तेव्हा

नवी मुंबई म्हटलं की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण त्यांच्याच मधे दिवाळे, करावे, घणसोली अशी जुनी आगरी-कोळी गावं नांदताहेत. तिथं ओट्यावर एखादं गावठी कुत्र्याचं पिल्लूही दिसतं. आणायचं पोरांनी आणि निस्तरायचं आईनं, हे तुमच्या गावासारखंच! चार दिवसांत तक्रार सुरू होते, घरभर मुततं आणि स्वतःचीच घाण खातं. मग एखाद्या रात्री कुणीतरी त्याला लांब सोडून येतं. दोन महिन्यांचा तो जीव रस्त्यावर किती टिकणार? म्हणून आज यावरच बोलू.

कुत्री आपल्या पिल्लांना चाटून साफ ठेवते आणि त्यांची विष्ठा स्वतः खाऊन टाकते. जागा स्वच्छ राहावी म्हणून तिची ही रीत. पिल्लू हेच बघत वाढतं. त्यात पोट भरत नसेल, पोटात जंत असतील किंवा दिवसभर बांधून ठेवलं असेल, तर खोड वाढते. दिवसातून एकदा उरलासुरला भात घालून वाढत्या पिल्लाचं भागत नाही. थोडं थोडं तीन-चार वेळा द्या. भाकरी-भाताबरोबर उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेली ताजी मासळी चालते. खारवलेली सुकी मासळी, कांदा-लसणाचा रस्सा आणि शिजवलेली कोंबडीची हाडं मात्र नकोत. ती हाडं चिरफाळतात आणि आतडं फाडतात.

घाणीत नाक घासून मारायची पद्धत सगळीकडे आहे. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर केलं की मार बसतो. मग ते खाटेखाली जाऊन करतं. त्यापेक्षा वेळ पाळा. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याला रोज एकाच जागी न्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरता येत नाही, म्हणजे रात्रीही एकदा उठणं आलंच. (तान्ह्या बाळासाठी उठलेल्या बाईला हे काय सांगायचं!) जागेवर केलं की लगेच शाबासकी आणि तुकडाभर भाकरी. तो खाईपर्यंत घाण उचलून घ्या, की खायला काही उरतच नाही. पावसाळ्यात ओसरीच्या कोपऱ्यात घमेल्यात माती भरून ठेवा.

घरात केलंच, तर साबणाच्या पाण्याने पुसून वर व्हिनेगरचं पाणी फिरवा. वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथंच जातं. दाट फिनेल ओतू नका. पिल्लू फरशी चाटतं आणि ते विष आहे.

आता पोराबाळांचं. पिल्लाच्या पोटात बहुधा गोल जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण ती लागण करण्याजोगी व्हायला काही आठवडे जातात. म्हणून घाण त्याच दिवशी उचलून खोल पुरावी. राहिली तर अंडी अंगणातल्या मातीत मिसळतात आणि हातावाटे मुलांच्या पोटात जातात. जंताचं औषध वजनावर ठरतं. पिल्लाला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तीन महिन्यांचं होईपर्यंत ते साधारण दर पंधरा दिवसांनी द्यावं लागतं. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. लसी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांची घाण हुंगू देऊ नका. पार्वो त्यातूनच लागतो. उलट्या आणि रक्ताची पातळ हगवण दिसली, तर सकाळची वाट पाहू नका.

बकरं कापलं की त्याचं पाण्याच्या गाठी आलेलं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकतात, तेही थांबवा. त्या गाठींतून कुत्र्याला पट्टकृमी होतो आणि त्याची अंडी आपल्या पोटात गेली, तर तशाच गाठी माणसाच्या काळजात धरतात. असं काळीज खोल पुरा नाहीतर जाळा.