स्कूबा डायव्हिंग, नत्रवायू आणि परतीचं विमान

एडिनबराहून डिसेंबरात घरी जायचं ठरलं, त्यात कोकणातले चार दिवस आले की कुणीतरी विचारतंच, "मालवणला स्कूबा करू या का?" जरूर करा. फक्त बुकिंगआधी परतीच्या तिकिटावरची वेळ बघा. असं का, याचं उत्तर आपल्या याच शहरातल्या माणसांनी शोधलं आहे.

१७७२ साली एडिनबरा विद्यापीठात डॅनियल रदरफोर्ड या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात नत्रवायूचं, म्हणजे नायट्रोजनचं, वर्णन केलं. हवेत तो सुमारे ७८ टक्के असतो. जमिनीवर आपण तो आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. पाण्याखाली मात्र त्याची दखल घ्यावी लागते.

समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटर खोल दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. एवढ्या दाबाखाली छाती फुगावी म्हणून तोंडातला रेग्युलेटर आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देतो. यातून दोन गोष्टी घडतात.

पहिली फुप्फुसांची. १० मीटरवर छातीभर श्वास घेतलात आणि तो रोखून वर आलात, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं, आणि त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. संथपणे घेत राहा, सोडत राहा.

दुसरी गोष्ट रक्ताची. दाब वाढला की जास्त नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. झपकन आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, बुडबुडे मज्जारज्जूपाशी झाले तर पाय लुळे पडू शकतात. यालाच 'बेंड्स' म्हणतात.

यावर तोडगा काढला जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. जन्म १८६०, एडिनबरातला. वैद्यकीचं शिक्षणही इथलंच. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी दाबाच्या कोठीत शेळ्यांवर प्रयोग केले. बेंड्स झालेली शेळी दुखरा पाय उचलून धरायची. शरीरावरचा दाब एकदम निम्मा केला तर सहसा त्रास होत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. मग टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत वर येण्याची कोष्टकं त्यांनी सहकाऱ्यांसह १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजचे डाइव्ह कॉम्प्युटर याच विचाराचे वंशज आहेत.

१९०६ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम स्कॉटलंडच्या समुद्रात या पद्धतीच्या चाचण्या झाल्या. तिथे हॉल्डेन यांच्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याच्या पोशाखात खाली जाऊ दिलं. पोशाख ढगळ, मनगटातून पाणी आत! हा मुलगा म्हणजे पुढे भारतीय नागरिकत्व घेऊन १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन.

आता आपल्या सहलीकडे येऊ. विमानात बसलो की दाब आणखी कमी होतो; केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंच डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते. अंगात उरलेल्या नायट्रोजनला ही दुसरी 'झपकन वर येण्याची' संधी. म्हणून एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमान टाळावं, असा सर्वमान्य सल्ला आहे. पूर्ण दिवस सोडला तर उत्तम. घाटालाही हेच लागू. मालवणहून आंबोलीमार्गे वर जाणार असाल तर घाटमाथा सुमारे ७०० मीटरवर आहे. डाइव्हनंतर लगेच त्या रस्त्याला लागू नका. थोडक्यात, डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला ठेवा.

तारखांचंही बघा. इथल्या शाळांची सुट्टी जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. तेव्हा कोकणात पावसाळा, समुद्र खवळलेला आणि डायव्हिंग बंद. त्यामुळे नाताळची सुट्टीच सोयीची.

डिसेंबरात एडिनबराहून सर्दी सोबत नेणारेही बरेच. नाक चोंदलेलं असेल तर डाइव्ह करू नका. कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडद्याला इजा होते. नाक बरं असेल तर खाली जाताना चिमटीत धरून हलकेच फुंका, दर मीटरला, दुखायच्या आधी. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर प्रश्नावलीत खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

आणि गोडी लागलीच, तर अभ्यास आणि पोहण्याच्या तलावातला सराव हिवाळ्यात इथेच उरकता येतो, समुद्रातल्या परीक्षेच्या चार डाइव्ह सुट्टीत उबदार पाण्यात. तयारी झाली की एडिनबरापासून तासाभरावरचं सेंट ॲब्ज आहेच. पाणी गार, पण ड्रायसूट असतो.