पिवळ्या दिव्याचा पेंच

शहरांतील चौरस्त्यावर पिवळा दिवा लागला, तर गाड्यांचा वेग मुळांतच बेताचा असल्यामुळें थांबणें जड जात नाहीं. परंतु अमेरिकेंतील टेक्सास, नेब्रास्का यांसारख्या राज्यांत गांवाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यानें मोटारी ताशीं ९० किलोमीटर वेगानें धांवत असतात आणि मैलोगणती शेतें ओलांडल्यावर एकाएकीं दिव्यांचा चौरस्ता येतो. तेथें पिवळा दिवा दिसतांच चालकापुढें पेंच उभा राहतो: थांबावें कीं जावें?

साध्या गणितानें हा पेंच उलगडतो. ताशीं ९० किलोमीटर म्हणजे सेकंदास २५ मीटर. दिवा पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यांत गाडी २५ मीटर पुढें गेलेली असते. मग हिसका न देतां वेग सेकंदागणिक ताशीं सुमारें ११ किलोमीटरनें उतरविला, तर थांबावयास आणखी सुमारें १०४ मीटर लागतात. एकूण अंतर झालें १२९ मीटर. पिवळा दिवा मात्र तीनच सेकंद राहिला, तर त्या अवधींत गाडी ७५ मीटरच जाते. म्हणजे थांबण्याच्या रेषेपासून शंभर मीटरांवर असलेल्या चालकास नीट थांबतांही येत नाहीं आणि तांबडा दिवा लागण्यापूर्वीं रेषाही गांठतां येत नाहीं. हा दोष चालकाचा नव्हे, दिव्याच्या वेळेचा आहे. गाझिस, हर्मन व मॅराड्युडिन या तिघांनीं १९६० सालीं हेंच गणित शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें. वरील उदाहरणांत पिवळा दिवा निदान सव्वापांच सेकंद हवा.

पण तेवढ्यानें भागत नाहीं. पुढचा चालक ब्रेक दाबतो, मागचा निसटूं पाहतो, आणि टक्कर होते. म्हणून चौरस्त्याच्या बऱ्याच आधीं रस्त्यांत तारेचीं वेटोळीं पुरतात. त्यांवरून गाडी गेल्याची वर्दी दिव्याच्या यंत्रास मिळते व ती गाडी धोक्याच्या पट्ट्यांतून पार होईपर्यंत हिरवा दिवा टिकतो. यासही मर्यादा आहे. आडरस्त्यावरच्या लोकांना किती वेळ तिष्ठत ठेवावयाचें? ठराविक वेळ संपली कीं दिवा बदलावाच लागतो, मग पट्ट्यांत कोणी असो. अशा वेळीं आधींच लुकलुकणारी सूचनापाटी उपयोगी पडते. मात्र ती पाहून वेग वाढविणारेही निघतात.

वळसा घालून जाण्याचें वाटोळें चौक बांधलें, तर प्रत्येकासच वेग उतरवावा लागतो आणि अपघात झालाच तरी तो सहसा प्राणांवर बेतत नाहीं. घाई ही माणसाचा स्वभाव आहे; रस्ता मात्र तिला क्षमा करील असा बांधतां येतो.