घरातला समुद्र : आधी पाणी, मग मासे
प्रतिनिधी, उल्हासनगर

दिवाणखान्यात गोड्या पाण्याची काचपेटी आणि तिच्यात गोल्डफिश, गप्पी किंवा एखादा फ्लॉवरहॉर्न, हे दृश्य उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वसाहतींत आता नवलाईचे राहिलेले नाही. पुढची पायरी असते ती खाऱ्या पाण्याच्या पेटीची. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना समुद्री माशांचे वेड लावले. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने तर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घराघरांत नेला. मात्र हौसेने आणलेले हे मासे पहिल्या महिन्यातच दगावल्याचा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. दोष बहुधा माशांचा नसतो, घाईचा असतो. खाऱ्या पाण्याच्या छंदात पहिले पाच-सहा आठवडे मासे पाळायचे नसून पाणी पाळायचे असते, हे एकदा ध्यानी आले की बाकीचा मार्ग सोपा होतो.

समुद्राचे पाणी आणायचे का?

समुद्र जवळच आहे, मग दोन कॅन भरून आणले तर काय बिघडले, असा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. परंतु मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळते, पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घटतो. कल्याणनजीकची उल्हास नदीची खाडी त्याहूनही निरुपयोगी. तेथील पाणी भरती-ओहोटीनुसार बदलत राहते. त्यामुळे तयार समुद्री मीठ विकत घेऊन घरीच पाणी बनवणे श्रेयस्कर.

हे मीठ म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. समुद्रातील क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम क्लोराइड असते. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आदी घटक असतात आणि समुद्री जीवांना त्यांचीही तितकीच गरज असते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत दगड मांडल्यावर सुमारे १६५ लिटर पाणी मावते; त्यासाठी सहा ते साडेसहा किलो मीठ लागेल. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवे. ते मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे उपकरण मिळते. पेटीपूर्वी ते घ्यावे.

मीठ मिसळायचे ते पाणीही शुद्ध हवे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. तो सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करता येतो. मात्र पाण्यातील नायट्रेट, फॉस्फेट वा धातूंचे अंश त्याने जात नाहीत. म्हणून आरओ यंत्राचे आणि शक्य असल्यास त्यापुढे डीआय गाळणीतून गेलेले पाणी वापरतात. घरातील पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जात असतील, तर ते पाणी या कामाचे नाही. आरओमधून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यासाठी साठवून ठेवावे. उन्हाळ्यातील पाणीकपातीची सवय असलेल्या या शहरांत ते ओघानेच आले.

कोलंबीचा तुकडा आणि अदृश्य जिवाणू

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशांना विषासमान असतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो, तर दुसरा नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये. यालाच नायट्रोजन चक्र म्हणतात. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. दगड, वाळू आणि गाळणीवर त्यांची वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

गोड्या पाण्याचा अनुभव येथे फसवा ठरतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ इतका, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. गोड्या पाण्यात खपून जाणारी चूक खाऱ्या पाण्यात जीवघेणी ठरते ती यामुळेच.

चक्र सुरू करण्यासाठी एखादा स्वस्त, काटक मासा आधी सोडण्याचा सल्ला काही विक्रेते देतात. तो मासा हकनाक होरपळतो. त्याऐवजी कच्च्या कोलंबीचा छोटा तुकडा पाण्यात टाकावा; तो कुजून जिवाणूंना खाद्य पुरवतो. दोन-तीन दिवसांआड चाचणी संचाने पाणी तपासावे. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. तोवर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी गत होऊ द्यायची नाही.

उकाडा, वीज आणि इमारत

या तिन्ही शहरांना समुद्राचा गारवा लाभत नाही. एप्रिल-मेमध्ये बदलापूर परिसरात पारा चाळिशी ओलांडतो, तर हिवाळ्यात पहाटे तो मुंबईपेक्षा बराच खाली उतरतो. समुद्री माशांना मात्र २४ ते २७ अंशांच्या दरम्यानचे स्थिर तापमान मानवते. पाणी जितके उष्ण आणि खारे, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. दमट दिवसांत त्याचा प्रभाव घटतो. भर उन्हाळ्यात चिलर किंवा वातानुकूलित खोली यांना पर्याय नाही. हिवाळ्यासाठी थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. पंख्यामुळे पाण्याची वाफ अधिक होते, पण मीठ मागेच राहते. म्हणून कमी झालेली पातळी खाऱ्या पाण्याने नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने रोज भरून काढावी.

वीज गेली की पंप थांबतो आणि काही तासांतच पाण्यातील प्राणवायू संपू लागतो. २००५ आणि २०१९ च्या जुलैमधील पूर पाहिलेल्या या पट्ट्याला वीज दीर्घकाळ खंडित होणे म्हणजे काय, हे सांगायला नको. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही येथे चैन नव्हे, गरज आहे. घरी इन्व्हर्टर असल्यास पाणी फिरवणारा पंप त्यावर जोडावा. दिवे बंद राहिले तरी चालतील.

तिसरी बाब इमारतीची. वर वर्णिलेली पेटी पाणी, दगड आणि स्टँड धरून सव्वादोनशे ते अडीचशे किलोंपर्यंत जाते. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरमध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचा बळी गेला होता. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी म्हणूनच हा भार गांभीर्याने घ्यावा. पेटी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईलगत, भिंतीशी ठेवावी. स्लॅबला गळती वा तडे असतील, तर संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून पेटी मांडूच नये.

प्रवाळ नको, निमो चालेल

समुद्री पेटी म्हटले की डोळ्यांपुढे रंगीत प्रवाळ येतात. मात्र भारतात खडक घडवणारे प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून संरक्षण दिले असून ते आजही कायम आहे. महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात प्रवाळ आढळतात. किनाऱ्यावरून उचललेला मृत प्रवाळाचा तुकडाही कायद्याच्या कचाट्यात आणू शकतो. पेटीत सच्छिद्र सिरॅमिकचे दगड वापरावेत. जिवाणूंना ते तितकेच सोयीचे असतात.

पहिले मासे म्हणून पैदास केंद्रात वाढलेल्या क्लाउनफिशची जोडी सर्वोत्तम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. नर अंड्यांची राखण करतो आणि पिल्ले सुमारे दोन आठवड्यांत मोठ्या माशांसारखे रूप घेतात, त्यामुळे ही पैदास शक्य होते. असे मासे पेटीला आणि तयार खाद्याला सरावलेले असतात, शिवाय समुद्रातून एकही मासा उपसावा लागत नाही. क्लाउनफिशला समुद्रफूल लागतेच, ही समजूतही चुकीची आहे. खरेदी करताना मासा पकडलेला की पैदास केलेला, हे विचारावे आणि दुकानातच तो खाद्य खाताना पाहावा.

क्रॉफर्ड मार्केटमधून मासे घेतल्यास बदलापूरपर्यंत सुमारे ६८ किलोमीटरचा लोकल प्रवास असतो. प्राणवायू भरलेली पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून गर्दी नसताना, दुपारी परतावे. घरी आणल्यावर मासे वेगळ्या छोट्या पेटीत चार आठवडे निरीक्षणाखाली ठेवावेत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य पेटीत शिरला की तो निपटणे अवघड जाते.

त्यानंतरची दिनचर्या साधी आहे. रोज तापमान आणि पाण्याची पातळी पाहणे, दोन-तीन मिनिटांत फस्त होईल इतकेच खाद्य देणे, दर आठवड्याला सुमारे १६ लिटर पाणी बदलणे आणि महिन्याला फार तर एखादा मासा वाढवणे. या आकाराच्या पेटीत चार-पाच लहान मासे पुष्कळ झाले. एवढा वेळ नियमित देता येणार नसेल, तर गोड्या पाण्याची पेटीच बरी. तो वेळ असेल, तर मात्र मासे घेण्याआधी आज फक्त मीठ, रिफ्रॅक्टोमीटर आणि चाचणी संच घेऊन यावे.