रानवाटेचे छायाचित्र आणि तिचा ठावठिकाणा

व्यापारी घरांतील जुनी पेटी उघडली की रोजमेळ आणि खतावण्यांसोबत छायाचित्रांचे एखादे पाकीटही निघते. लग्नसमारंभातील माणसे घरात कोणीतरी ओळखतेच. अडचण होते ती रानातील छायाचित्रांची. चार-पाच जण पाऊलवाटेवर उभे, मागे टेकडी, बाजूला पांढरट खोडाचे झाड आणि छायाचित्राची मागची बाजू कोरी. ज्या आजोबांना ठाऊक होते ते आता नाहीत. मग एक जण ‘नागझिरा’ म्हणतो, दुसरा ‘पचमढी’, तिसरा ‘सह्याद्रीतले असावे’. हा वाद मिटवणारा साक्षीदार बहुधा त्या छायाचित्रातच उभा असतो. त्याला विचारण्याची रीत मात्र ठाऊक हवी.

काही स्थळे स्वतःच बोलतात. मुक्तागिरीचा धबधबा आणि डोंगरावरील शुभ्र मंदिरे पाहून कोणाला कोडे पडत नाही. मांगी-तुंगीची जोडशिखरेही तशीच; शिवाय तेथील भगवान ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती २०१६ साली पूर्ण झाली असल्याने ती चित्रात दिसली तर काळाचाही अंदाज येतो. कसोटी लागते ती नाव नसलेल्या वाटेची, आणि अशा वाटा भंडारा जिल्ह्यातील मोहाडीच्या आसपास पुष्कळ आहेत. मोहाडी हे भंडारा आणि तुमसर यांच्यामधले गाव, चौंडेश्वरी देवीसाठी प्रसिद्ध. येथून उत्तरेकडे सातपुड्याच्या टेकड्यांत आंबागडचा किल्ला आणि गायमुख, आग्नेयेस कोक्याचे जंगल, त्यापलीकडे नागझिरा. वरवर पाहता साऱ्या वाटा सारख्याच वाटतात.

पहिली विचारणा दगडाला करावी. सह्याद्री बेसाल्टचा; त्याचे डोंगर सपाट माथ्याचे आणि कड्यांवर आडवे थर, जणू पायऱ्या रचल्या आहेत. भंडाऱ्याचा खडक त्याहून कितीतरी प्राचीन. येथील टेकड्या गोलसर, झीज झालेल्या, आणि वाटेवर गारगोटीचे पांढरे तुकडे चमकतात. काळ्या रंगाने मात्र फसू नये. तुमसरच्या उत्तरेस चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, तेव्हा त्या भागात दगड काळा दिसला म्हणून तो सह्याद्रीचा ठरत नाही. निवाडा रंगावर नव्हे, थरांवर करावा.

मग झाडे. मोहाडी-तुमसरचे रान सागाचे, सोबतीला ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह आणि बांबू. सालवृक्षांची सलग दाटी दिसली तर वाट बहुधा कान्ह्याकडची. पांढऱ्या खोडाचे झाड म्हणजे बहुधा कांडोळ, ज्याला ‘भुताचे झाड’ असेही म्हणतात. ते अनेक ठिकाणी आढळत असल्याने एकट्याच्या साक्षीवर काही ठरत नाही. झाडे स्थळापेक्षा ऋतू अधिक नेमका सांगतात. पळस फुललेला असेल तर फाल्गुनाचा सुमार. निष्पर्ण मोहाखाली मोहफुले वेचणाऱ्या बाया दिसल्या तर मार्च-एप्रिल. मोकळ्या जागेवर सत्तर-सत्तर पानांचे तेंदूपुडे रांगेने वाळत पडले असतील तर मे महिना, आणि गावही फार लांब नाही. तेंदूपत्त्याचा व्यवहार केलेल्या घरांना हे निराळे सांगायला नकोच. मूठभर धानावरून वाण सांगणारी नजर येथेही उपयोगी पडते.

सर्वांत दुर्लक्षिला जाणारा साक्षीदार म्हणजे सावली. मोहाडी सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ येथे मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते. केवळ मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती किंचित दक्षिणेकडे झुकते. डिसेंबरअखेरीस भर दुपारी माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी असते. म्हणजे डिसेंबरअखेरीच्या छायाचित्रात सावली उंचीएवढीच असेल तर वेळ मध्यान्हीची आणि सावली दाखवते ती दिशा उत्तर. एकदा उत्तर सापडली की टेकडी वाटेच्या कोणत्या बाजूला आहे ते कळते, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ती ताडून पाहता येते. या परिसराचा नकाशा ‘५५ ओ’ या क्रमांकाखाली येतो. त्यातील १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर समोच्च रेषा, नाले, पाऊलवाटा सारे असते.

एक सावधगिरी हवी. जुन्या फिल्मवरून प्रत काढताना कधी चित्र उलटे छापले जाई. तसे झाले की पूर्वेची टेकडी पश्चिमेला जाते आणि सारा तर्क कोसळतो. पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा डाव्या बाजूला आहे ना, हे आधी पाहावे. पदरावर विसंबू नये. मराठी पद्धतीचा पदर डाव्या खांद्यावर, तर मारवाडी-गुजराती घरांतील सीधा पल्ला उजव्या खांद्यावर येतो.

माणसाच्या खुणा उरतात. वाटेकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्य महामार्ग. वनखात्याच्या फलकावर कक्ष क्रमांक असेल तर शोध तिथेच संपला. रूळ दिसले तर तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा फाटा लक्षात ठेवावा. संगणकाचा चित्रशोध नामांकित स्थळांपुरताच कामाचा. अनाम रानवाटेसाठी तो भलतीच वाट आत्मविश्वासाने पुढे करतो. किमान तीन स्वतंत्र खुणा जुळाव्यात, आणि एक जरी ठामपणे विरोधात गेली तर उरलेल्या कितीही गोड असोत, निष्कर्ष मागे घ्यावा.

ठिकाण सापडले की तेथे जाण्याची ओढ लागते, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. आजोबा ज्या वाटेने सहज चालत गेले ती आज अभयारण्यात असू शकते. कोका २०१३ साली अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्रात परवानगीविना पाऊल टाकता येत नाही. ते रान वाघाचे, अस्वलाचे आहे, आणि चुकीच्या ओळखीवर विसंबून मुलाबाळांसह आत शिरणे जीवावर बेतू शकते. उलट बाजूही आहे. फोनने काढलेल्या चित्रात, सोय चालू असेल तर, अक्षांश-रेखांश नोंदले जातात. पिल्लांसह वाघीण, घरट्यातील पक्षी यांची चित्रे मूळ स्वरूपात पाठवली की ती नोंदही सोबत जाते आणि शिकाऱ्याच्या हातीही पडू शकते. अशा चित्राचे ठिकाण काढून टाकूनच ते पुढे द्यावे.

घरातील जुन्या छायाचित्रांसाठी मात्र नोंद हवीच, आणि ती वडीलधारी मंडळी आहेत तोवरच. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागच्या बाजूस काठालगत लिहावे: महिना व वर्ष, जवळचे गाव, कोणत्या दिशेला तोंड करून चित्र घेतले, डावीकडून उभे असलेल्यांची नावे. शाई पुढच्या बाजूस उमटते, म्हणून ती टाळावी. तर्काने ठरवलेल्या ठिकाणापुढे ‘बहुधा’ हा शब्द लिहावा आणि कोणत्या खुणांवरून ठरवले तेही टिपावे, म्हणजे पुढच्या पिढीला तो हिशेब पुन्हा तपासता येईल.