लहान गावातील न्यायाधीश आणि न्यायालयीन थरारकथा : न्या. जेम्स हॉर्टन यांच्या निर्णयाच्या संदर्भात

प्रस्तावना :
न्यायालयीन थरारकथेत वाचकाचे लक्ष प्रामुख्याने वकिलाकडे व ज्युरीकडे असते. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीत न्यायाधीश टेलर कृष्णवर्णीय आरोपीसाठी कर्तबगार वकील नेमतात, परंतु त्याला दोषी ठरविते ती ज्युरी. जॉन ग्रिशॅम यांच्या ‘अ टाइम टू किल’ (१९८९) मध्येही निकाल ज्युरीच्याच हाती आहे. मग अशा खटल्यात न्यायाधीशाची कसोटी कोठे लागते? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील स्कॉट्सबरो खटल्यात सापडते.

खटल्याची पार्श्वभूमी :
मार्च १९३१ मध्ये अलाबामा राज्यात मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुला-तरुणांवर दोन गौरवर्णीय स्त्रियांवरील बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला. काही दिवसांतच आठ जणांना मृत्युदंड ठोठावला गेला. आरोपींना योग्य वकील मिळाला नाही, या कारणास्तव १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे निकाल रद्द केले. हेवूड पॅटरसन या आरोपीचा फेरखटला १९३३ मध्ये डिकेटर येथे न्या. जेम्स एडविन हॉर्टन यांच्यासमोर चालला. तक्रारदार स्त्रियांपैकी रूबी बेट्स यांनी अत्याचार झालाच नाही, अशी साक्ष दिली. तरीही ज्युरीने पॅटरसनला दोषी ठरवून मृत्युदंड दिला.

न्यायाधीशाचा निर्णय :
येथे हॉर्टन यांना मौन पाळणे सहज शक्य होते. निकाल ज्युरीचा होता आणि चूक सुधारण्यास वरिष्ठ न्यायालय होते. शिवाय अलाबामात न्यायाधीशपद निवडणुकीने मिळत असे. ज्या समाजात आरोपींविषयी तीव्र रोष होता, त्याच समाजाकडे त्यांना मते मागावयाची होती. तथापि, २२ जून १९३३ रोजी त्यांनी अथेन्स या आपल्या गावच्या न्यायालयात निकाल रद्द करून नव्याने खटला चालविण्याचा आदेश दिला. मुख्य तक्रारदार स्त्रीच्या कथनाला अन्य पुराव्याचा आधार नाही आणि वैद्यकीय साक्ष त्याच्याशी विसंगत आहे, हे त्यांनी आदेशात तपशीलवार दाखविले.

परिणाम :
१९३४ च्या निवडणुकीत हॉर्टन पराभूत झाले. पॅटरसनला दुसऱ्या न्यायाधीशासमोर पुन्हा मृत्युदंड झाला. मात्र १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही निकाल रद्द केला. पुढे त्याला दीर्घ कारावास भोगावा लागला, पण नऊपैकी एकालाही फाशीची वा विद्युत्खुर्चीची शिक्षा भोगावी लागली नाही.

ज्युरीशी असहमत होण्याचा प्रसंग महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. १९५९ मध्ये मुंबईत नानावटी खटल्यात ज्युरीचा निर्दोषत्वाचा कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले होते. मात्र त्यांना आपल्या पदासाठी मतदारांपुढे जावयाचे नव्हते.

निष्कर्ष :
थरारकथेचा उत्कर्षबिंदू सामान्यतः ज्युरीच्या निकालाशी येतो. हॉर्टन यांच्या बाबतीत तो निकालानंतर आला. न्यायाधीशाचे धैर्य आरोपीला तत्काळ मुक्त करीलच असे नाही. परंतु जमावाला हवा असलेला निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही, हे न्यायालयाच्या दप्तरी कायमचे नोंदविले जाते. लहान गावातील न्यायाधीशाच्या कथेचे खरे मोल या नोंदीत आहे.