डावीकडचे शून्य

डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे शाळेत छडी खाऊन शिकलेला मी माणूस. ते शून्य गळाले तर काय होते, हे मात्र आमच्या घरच्या डब्यांनी शिकवले.

आमची सौ. शेजारपाजारी जेवणाचे डबे देते. तिची वही चोख होती; पण मला हौस भारी! सारा हिशेब मी संगणकावर माय-एस्क्यूएलमध्ये भरला. सोमवार ते रविवार ही सात घरे. त्यांच्या किमती अनुक्रमे ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. ज्या वारी डबा, त्या वाराची किंमत धरायची. बेरजेच्या एकाच आकड्यात आख्खा आठवडा!

कोपऱ्यावरचे आप्पा मंगळवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे जेवत, एरवी लेकीकडे. ३२, ८ आणि २ मिळून ४२. यादीसाठी या आकड्याचे पुन्हा वार करायला ‘बिन’ हे फंक्शन आहे. ते आकडा द्विमान रूपात, म्हणजे नुसत्या एक-शून्यांच्या ओळीत, मांडून देते. पहिले अक्षर सोमवारचे, असे धरून मी यादी छापली.

मंगळवारी दुपारी दोन वाजता आप्पा दारात! “वहिनी, आज विसरलात होय? कालचा डबा मात्र उगीच कडीला लटकत होता.”

मधुमेहाचा म्हातारा माणूस दोनपर्यंत उपाशी! सौ.ने आधी पान वाढले, मग माझ्याकडे पाहिले. बोलली काहीच नाही.

रात्री ओळ तपासली. १०१०१०. अक्षरे सहाच! हवी होती ०१०१०१०. ‘बिन’चे काही चुकले नव्हते, आकड्यात डावीकडच्या शून्याला किंमत नाही, म्हणून त्याने ते लिहिलेच नाही. पण ओळीत त्या शून्याला जागा असते. वृत्तातला पहिला लघु गाळला की पुढचे सारे गण बिघडतात ना, तसे मंगळवारचे सोमवार झाले, गुरुवारचे बुधवार. सोमवारी डबा घेणाऱ्यांची ओळ मुळातच सात अक्षरी. आणि मी नेमकी तीच नावे तपासून निर्धास्त झालो होतो!

उपाय एका ओळीचा निघाला: एलपॅड(बिन(वार), ७, '०'). ओळ सात अक्षरांची होईपर्यंत ‘एलपॅड’ डावीकडे शून्ये भरतो. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी आकडा ‘बिट(७)’ मध्ये बदलला, की सात जागा आपोआप राखल्या जातात.

आता यादी बरोबर येते. तरी डबे निघण्यापूर्वी सौ. ती वहीशी ताडून पाहते. आणि मंगळवारी पहिला डबा भरते तो आप्पांचा.